डिझेल इंजिनातील शक्तिऱ्हासाचे निदान

डिझेल मोटारगाडीचे इंजिन अपेक्षित शक्ती देत नसल्यास किंवा असमान, हिसके देत चालत असल्यास त्यामागील कारण क्रमवार तपासणीने शोधण्याच्या प्रक्रियेला शक्तिऱ्हासाचे निदान म्हणतात. बोलीभाषेत पहिल्या दोषाला 'पिकअप कमी होणे', तर दुसऱ्याला 'मिसिंग' असे म्हणतात. एकच लक्षण अनेक कारणांनी निर्माण होत असल्यामुळे तपासणीशिवाय सुटे भाग बदलल्यास मोठा खर्च होऊनही मूळ दोष कायम राहू शकतो.

पार्श्वभूमी

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी चाचणी झाली. या प्रकारच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधील हवेचे आकारमान दाबामुळे सुमारे १५ ते २२ पटींनी कमी होते. त्यामुळे हवा अतिशय तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणूनच पुरेशी हवा, योग्य वेळी व योग्य प्रमाणात फवारलेले इंधन, सिलिंडरमधील पुरेसा दाब आणि जळालेल्या वायूंना बाहेर पडण्यासाठी मोकळी वाट या चार गोष्टींवर इंजिनाची शक्ती अवलंबून असते. निदानाचा सारा क्रम या चार गोष्टींभोवती रचलेला असतो.

१९९७ पासून मोटारगाड्यांत कॉमन रेल पद्धतीचा वापर सुरू झाला. या पद्धतीत उच्च दाबाचा पंप एका सामाईक नळीत इंधन साठवतो आणि विद्युत नियंत्रित इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. या नळीतील दाब गाडी उभी असताना, आयडलिंगच्या वेळी, साधारण ३०० बार असतो, तर पूर्ण भाराखाली तो १,६०० बार किंवा त्याहून अधिक होतो.

लक्षणे

धुराच्या रंगावरून दोषाची दिशा कळते. काळा धूर हवा कमी अथवा इंधन जास्त असल्याचे दर्शवतो, तर निळसर धूर वंगण तेल जळत असल्याचे लक्षण आहे. पांढरा धूर न जळालेल्या इंधनामुळे किंवा सिलिंडरमध्ये शिरलेल्या शीतक द्रवामुळे येतो.

दोष केव्हा जाणवतो, हेही महत्त्वाचे असते. इंजिन थंड असतानाच मिसिंग होत असल्यास ग्लो प्लग किंवा सिलिंडरमधील दाबाकडे लक्ष द्यावे लागते. घाट चढताना किंवा पूर्ण भाराखालीच शक्ती कमी पडत असल्यास इंधनपुरवठा किंवा टर्बोचार्जरची तपासणी आवश्यक ठरते. गाडीचा वेग अचानक मर्यादित झाल्यास नियंत्रण संगणकाने इंजिनाच्या संरक्षणासाठी 'लिंप मोड' सुरू केलेला असू शकतो.

तपासणीचा क्रम

प्रारंभ कमी खर्चाच्या गोष्टींपासून केला जातो. हवेचे व डिझेलचे फिल्टर चोक झाले आहेत का, डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साचले आहे का आणि इंधनाची नळी हवा घेते आहे का, हे पाहिले जाते. टर्बोचार्जरपासून इंजिनापर्यंत जाणारी रबरी नळी फाटली असल्यास दाबलेली हवा वाटेतच निसटते. अशा ठिकाणी बहुधा तेलाचे डाग दिसतात.

त्यानंतर स्कॅनरने संगणकातील दोष-संकेत वाचले जातात. संकेत हा दोषाची दिशा दाखवतो. कोणता भाग बदलावा, हे तो सांगत नाही. उदाहरणार्थ, 'पी ००८७' या संकेताचा अर्थ सामाईक नळीतील दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच होतो. चोक झालेला फिल्टर, टाकीकडील कमकुवत पंप, झिजलेला उच्च दाबाचा पंप किंवा गळणारे इंजेक्टर यांपैकी काहीही त्याला कारणीभूत असू शकते. तसेच टर्बोचा दाब कमी असल्याचा 'पी ०२९९' हा संकेत केवळ फाटलेल्या नळीमुळेही येतो.

म्हणून गाडी चालवत असताना अपेक्षित व प्रत्यक्ष दाबाची तुलना केली जाते. प्रत्येक इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल वेगवेगळ्या बाटल्यांत जमा करून मोजल्यास गळणारा इंजेक्टर ओळखता येतो. यानंतरही एकाच सिलिंडरचा दोष कायम राहिल्यास त्याच्या दाबाची मोजणी करतात. ईजीआर झडप उघडी अडकल्यास ताज्या हवेची जागा जळालेले वायू घेतात आणि काळा धूर, असमान आयडलिंग व शक्तिऱ्हास ही लक्षणे एकत्र दिसतात.

धूरकण गाळणी

भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे डिझेल मोटारगाड्यांत धूरकण गाळणीचा, म्हणजेच डीपीएफचा, वापर रूढ झाला. गाळणीत साचलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळली जाते. शहरातील लहान फेऱ्यांत ही क्रिया वारंवार अर्धवट राहिल्यास गाळणी तुंबते व वायूंची वाट अडते. काही इंजिनांत या क्रियेसाठी फवारलेले जादा डिझेल वंगण तेलात मिसळून तेलाची पातळी वाढते. गाळणी का तुंबली, हे न शोधता ती बदलल्यास नवी गाळणीही तुंबण्याची शक्यता असते.

सुरक्षितता

यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांत चालू स्थितीत एकेका नळीचा नट सैल करून दोषी सिलिंडर ओळखला जात असे. कॉमन रेल इंजिनावर ही पद्धत अत्यंत धोकादायक आहे. उच्च दाबाची बारीक धार त्वचा भेदून शरीरात शिरू शकते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी आतील ऊतींची गंभीर हानी होऊ शकते. त्यामुळे अशा वेळी तातडीने रुग्णालयात उपचार घेणे आवश्यक असते. गळतीचा शोध हात फिरवून कधीही घेतला जात नाही.