मोतीबिंदू शस्त्रक्रिया व अबिंदुकतेचे निवारण : सोलापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मोतीबिंदू काढणे व स्पष्ट दृष्टी मिळवून देणे ही एकच गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज आहे. नेत्रशल्यक्रियेचा इतिहास मात्र ही दोन उद्दिष्टे दीर्घकाळ वेगळी राहिल्याचे दर्शवितो. या दोहोंमधील दुवा म्हणजे अबिंदुकता, अर्थात अॅस्टिग्मॅटिझम. चष्म्याच्या दुकानात यालाच ‘सिलिंडरचा नंबर’ म्हणतात. या दोषात कॉर्नियाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसते. परिणामी प्रकाशकिरण एका बिंदूत एकत्र येत नाहीत आणि एका दिशेच्या रेषा ठळक, तर त्यांना काटकोनात असलेल्या रेषा पुसट दिसू शकतात. सोलापूर हे यंत्रमागाचे व विडी उद्योगाचे शहर आहे. मागावरील उभ्या-आडव्या धाग्यांवर नजर ठेवणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने हा दोष किरकोळ ठरत नाही. प्रस्तुत लेखात त्याच्या निवारणाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

शस्त्रक्रियेची वाटचाल

सुश्रुतसंहितेत शलाकेच्या साहाय्याने मोतीबिंदू दृष्टिमार्गातून बाजूला सारण्याच्या क्रियेचे वर्णन आढळते. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील जॅक दाव्हिएल याने छेद घेऊन गढूळ झालेले भिंग बाहेर काढण्याची पद्धत रूढ केली. थॉमस यंग याने १८०१ मध्ये स्वतःच्या डोळ्यातील अबिंदुकतेचे वर्णन केले, तर १८२५ मध्ये जॉर्ज एअरी याने तिच्यासाठी दंडगोलीय भिंगाचा उपाय मांडला. पुढे नॉर्वेतील शिओत्झ याने १८८५ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेली अबिंदुकता कॉर्नियावर छेद घेऊन कमी केली. म्हणजेच जो छेद हा दोष निर्माण करतो, तोच योग्य दिशेने घेतल्यास दोष घटवितो, हे तत्त्व लेझरपूर्वी शंभरहून अधिक वर्षे ज्ञात होते.

शिबिरांचे युग

सोलापूरला लागून असलेला विजापूर जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. त्या जिल्ह्यातील बिळगी येथे जन्मलेल्या डॉ. एम. सी. मोदी यांनी १९४० च्या दशकापासून गावोगावी नेत्रशिबिरे घेतली. एकेका दिवसात शेकडो शस्त्रक्रिया करण्याचा त्यांचा क्रम प्रसिद्ध आहे. त्यांना १९६८ मध्ये पद्मभूषण मिळाले. सोलापुरात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ झाला.

या काळातील पद्धतीत छेद सुमारे १० ते १२ मिलिमीटरचा असे. टाक्यांच्या ताणामुळे कॉर्नियाचा आकार बदलत असे आणि रुग्णाला जाड भिंगाचा चष्मा कायमचा वापरावा लागे. शिबिरांनी असंख्य लोकांना अंधत्वातून बाहेर काढले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु कार्यक्रमाच्या यशाचे प्रमुख माप शस्त्रक्रियांची संख्या हेच राहिले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या प्रकल्पामुळे कृत्रिम भिंगारोपणाला चालना मिळाली. मदुराई येथील ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे उपलब्ध केल्याने हा बदल आर्थिकदृष्ट्याही शक्य झाला.

लेझर तंत्राचे आगमन

चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये विकसित केलेल्या फेको पद्धतीमुळे छेद पुढे तीन मिलिमीटरच्या आत आला. बुडापेस्ट येथे झोल्टान नॉज यांनी २००८ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत फेम्टोसेकंद लेझरचा प्रथम वापर केला. या तंत्रात डोळ्याची प्रतिमा घेऊन लेझरने भिंगाच्या आवरणाला वर्तुळाकार छेद दिला जातो, भिंगाचे तुकडे केले जातात आणि कॉर्नियाच्या अधिक वक्र अक्षावर ठरावीक खोलीचे धनुष्याकृती छेद घेतले जातात. त्या अक्षावरील वक्रता सौम्य होऊन अबिंदुकता घटते. मात्र हा उपाय प्रामुख्याने अल्प प्रमाणातील दोषासाठी आहे. दोष अधिक असल्यास टोरिक भिंग वापरले जाते. तेही अक्षावर अचूक बसावे लागते, कारण सुमारे ३० अंशांनी फिरल्यास त्याचा लाभ जवळजवळ नाहीसा होतो.

फ्रान्स व ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासांत लेझरसाहाय्यित शस्त्रक्रिया नेहमीच्या फेकोपेक्षा सरस असल्याचे आढळले नाही. तिचा खर्च मात्र अधिक होता.

चर्चा

वरील निष्कर्षाचा अर्थ अबिंदुकतेकडे दुर्लक्ष करावे असा होत नाही. लेझर तंत्राचे मर्म यंत्राइतकेच अक्षाच्या अचूक मोजमापात आहे. सार्वजनिक रुग्णालयांत व्यापक प्रमाणावर होणाऱ्या लघुछेद शस्त्रक्रियेत छेद साधारणतः सहा ते सात मिलिमीटरचा असतो व बहुधा टाके लागत नाहीत. हा छेद वरच्या बाजूस घेण्याची प्रथा आहे. परंतु वाढत्या वयात कॉर्नियाची अधिक वक्रता आडव्या अक्षावर येण्याचा कल असतो. अशा रुग्णांत वरचा छेद दोष वाढवितो, तर कानशिलाकडील छेद तो कमी करतो. केराटोमीटरने केलेल्या साध्या मोजणीवरून ही निवड करता येते.

निष्कर्ष

मोतीबिंदू शस्त्रक्रियेचा इतिहास हा छेद लहान होत गेल्याचा व अपेक्षा उंचावत गेल्याचा इतिहास आहे. शिबिरांच्या काळात ‘दिसू लागणे’ पुरेसे होते; आज ‘कसे दिसते’ हा प्रश्न विचारणे शक्य झाले आहे. तो प्रश्न केवळ लेझरचा खर्च पेलणाऱ्यांपुरता मर्यादित राहिल्यास श्रमिकांच्या वाट्याला जुनेच माप येईल. म्हणून शस्त्रक्रियांच्या संख्येबरोबर शस्त्रक्रियेनंतरच्या दृष्टीची व उरलेल्या अबिंदुकतेची नोंद होणे, तसेच छेदापूर्वी अक्षाची मोजणी अनिवार्य होणे, ही सोलापूरसारख्या श्रमिक शहराची रास्त अपेक्षा ठरते.