बुद्धीचें माप आणि धारवाडचीं मुलें

अभ्यासांत मागें पडणाऱ्या मुलास 'मंद' म्हणून मोकळें होणें सोपें असतें. तें खरोखरच मंद आहे काय, हें ठरविण्यास माप लागतें. असें माप बिने व सिमाँ यांनीं १९०५ सालीं पॅरिस येथें तयार केलें. ऐकलेले अंक पुन्हा म्हणणें, चित्रांतील वस्तु ओळखणें, असे प्रश्न सर्वांस एकाच रीतीनें विचारावयाचे व उत्तरें समवयस्कांच्या उत्तरांशीं ताडून पाहावयाचीं.

परंतु पॅरिसच्या मुलांवर बेतलेलें माप आपल्या मुलांस कसें लागू पडावें? म्हणून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील धारवाड येथें हजारांवर कानडी व मराठी मुलें तपासून त्यांत फेरफार केले, आणि १९४० सालीं त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

ही बिने-कामत कसोटी आजही प्रचारांत आहे. मात्र तिच्यामुळें नवी मुंबईंतील आजचें मूल १९३० नंतरच्या धारवाडच्या मुलांशीं ताडलें जातें. मापही जुनें होतें. तेव्हां मुलाचें घरांतील व बाहेरील वागणें पाहिल्यावांचून केवळ आंकड्यावरून त्यास नांव ठेवूं नये.