मागची खोली

बारावीचा निकाल लागला की आमच्या अमळनेरात एक दृश्य हमखास दिसतं. एसटी स्टँडवरून एक बाप आणि त्याचा पोरगा (आता पोरगीही) पायी निघतात. बापाच्या हातात कागदांची पिशवी. चौकात थांबून विचारतात, "भाऊ, इकडं कुठं खोली भेटेल का?" पत्रकार म्हणून गावभर फिरतो, त्यामुळे दरवर्षी चार-दोन जणांना घरं दाखवतो. यावेळी दाखवताना जीभ अडखळली. म्हणून हे लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा.

गावाचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण नावं मोजतो. प्रतापशेठ, साने गुरुजी, प्रेमजी. भाषणात ही तीन नावं घेतली की टाळ्या पडतात. पण नीट बघितलं तर आपला इतिहास म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाला जागा दिल्याची गोष्ट आहे.

१९१६ साली इथं तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. गिरणीच्या पैशातून वेदान्ताच्या अभ्यासाची सोय! १९३०च्या दशकात बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथं संचालक होते. कुठं बंगाल, कुठं बोरी नदीचा काठ. १९४५ साली मोहम्मद हाशिम प्रेमजींनी इथं वनस्पती तुपाचा कारखाना काढला. तीच कंपनी पुढं विप्रो झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच १९४५ साली प्रताप कॉलेज सुरू झालं, हे मात्र पटकन लक्षात येत नाही.

आणि साने गुरुजी? तेही बाहेरचेच. कोकणातल्या पालगडचे. शिकायला औंधला, पुण्याला राहिले तेव्हा पोटाचे आणि राहण्याचे हाल काय असतात ते त्यांनी सोसलं होतं. तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला म्हणून अमळनेरला आले आणि १९२४ साली इथल्या हायस्कुलात मास्तर झाले. छात्रालयही त्यांच्याकडे आलं. पोरांचं अंथरूण आवरणं, खोली झाडणं, कंदिलाच्या काचा पुसणं, हे ते गुपचूप स्वतः करायचे. पोरांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हातानं लिहून काढायचे. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. म्हणजे मास्तरकी फक्त सहा वर्षांची. पण आपण आजही त्या सहा वर्षांवर जगतो.

कॉलेज निघालं तशी आजूबाजूच्या खेड्यातली पोरं गावात राहायला येऊ लागली. विद्यापीठ आधी मुंबईचं, मग पुण्याचं, १९९०पासून जळगावचं. कागदावरचं नाव बदलत गेलं, पोरांचा मुक्काम मात्र आपल्याच गल्ल्यांत. वसतिगृहात किती मावणार? बाकीच्यांना गावानं सांभाळलं. कुणाची माडी, कुणाची ओसरी, कुणाची मागची खोली. आमचीही मागची खोली होती. दहा बाय बाराची, वर पत्रा, दोन पोरं.

जेवणाचा डबा गावाहून एसटीनं यायचा. सकाळी स्टँडवर ड्रायव्हरच्या बाजूला पिशव्यांचा ढीग. पिशवीवर पेनानं नाव. पोरं येऊन आपापली पिशवी उचलायची. एखाद्या दिवशी गाडी फेल झाली की डबा नाही. मग आई मागच्या दाराला हाक मारायची, "या रे पोरहो, दोन भाकरी जास्तीच्या टाकल्यात." गल्लीत कुणी त्याला मोठेपणा म्हणत नव्हतं. शेजार म्हणजे तेवढं असायचंच.

संध्याकाळी सगळी बोरीकाठी. पैलाडपर्यंत चालत जायचं, पुलावर टेकायचं, परीक्षेची चिंता करायची. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा नदीच्या पात्रातच भरते, तेव्हा गावाला गेलेली पोरंही परत यायची. पावसाळा सरला की सायकली काढून तापी-पांझरेच्या संगमावर, कपिलेश्वराला. आणि थंडीत भरीत पार्टी. खानदेशात राहून शेतातलं भरीत खाल्लं नाही, तो शिकला असं आम्ही धरत नाही. पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात लांबडी हिरवी वांगी, मिरच्या भाजून ठेचायच्या, कांद्याची पात, वरून तेल, सोबत कळण्याची भाकरी.

इथपर्यंत छान वाटलं ना? मलाही लिहिताना वाटलं. आता पुढचं.

१९९७चा जून. मी नुकताच कॉलेजात गेलेलो. मागची खोली रिकामी होती. एक पोरगा वडिलांसोबत आला, हातात पत्र्याची ट्रंक. आईनं ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, गावाकडच्या पावसाची चौकशी केली. मग विचारलं, "आडनाव काय तुमचं?" वडिलांनी सांगितलं. आई जरा थांबली आणि म्हणाली, "अरे देवा, खोली तर कालच दिली हो." वडील उठले, "बरं माय" म्हणाले. पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघत होतो. खोली त्यानंतर दोन महिने रिकामीच होती.

तो पोरगा माझ्याच वर्गात निघाला. पैलाडला त्याला खोली मिळाली होती. पहिले काही महिने आम्ही बोललो नाही, म्हणजे मीच टाळलं. जानेवारीत भरीत पार्टी ठरली ती त्याच्या गावच्या एका शेतात. त्याचे वडील तिथं सालदार होते. जाळ त्यांनी पेटवला, वांगी त्यानं भाजली. आम्ही चौदा-पंधरा जण त्याच्या हातचं बोटं चाटून जेवलो. कुणीच आडनाव विचारलं नाही. भूक लागलेली होती ना. निघताना त्याच्या वडिलांनी माझ्या हातात वांग्यांची पिशवी दिली, "घरी माय ले दे."

आईला पिशवी दिली आणि कुणी दिली तेही सांगितलं. ती काही बोलली नाही. रात्री भरीत केलं. जेवताना ती ताटातच बघत होती. मीही काही म्हणालो नाही. गुरुजींनी पंढरपूरच्या दारासाठी मे १९४७मध्ये दहा दिवस उपास केला, हे मला शाळेपासून पाठ होतं. निबंधात त्यावर मार्कही मिळाले होते. आमच्या दारापाशी मात्र मला एक वाक्य बोलता आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं. नाही झालं. या जूनमध्ये दोन पोरींसाठी मी पाच घरांना फोन केले. गरीब घरच्या, चांगल्या मार्कांच्या. एका घरी सरळ आडनाव विचारलं. दोन घरी विचारलं, "व्हेज आहेत ना?" एका घरी "आमचं काही नाही, पण शेजारच्यांना चालत नाही." पाचव्या घरी खोली कालच दिली होती. सत्तावीस वर्षांत वाक्यसुद्धा बदललं नाही, त्यामुळं मला ते लगेच ओळखू आलं.

घर कुणाला द्यायचं हा ज्याचा त्याचा हक्क, असं काही जण म्हणतील. भाडं बुडेल का, दंगा होईल का, हे जरूर विचारा. पण गुरुजींच्या नावाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायचं आणि घरी येऊन आडनाव विचारायचं, हे दोन्ही एका गावाला शोभत नाही. भट्टाचार्यांना, प्रेमजींना, त्या पालगडच्या मास्तरला तेव्हाच्या अमळनेरनं असंच परत पाठवलं असतं, तर आज आपण भाषणात नावं कुणाची घेतली असती?

फोन करून थकलो तेव्हा लक्षात आलं, आमच्याच घरी वरची खोली तीन वर्षं रिकामी आहे. जुनं सामान भरून ठेवलंय. म्हणजे पाच जणांना विचारलं आणि सहाव्याला, स्वतःला, विचारलंच नाही.

आईचं वय आता ऐंशीच्या जवळ. तिला भीतभीतच सांगितलं, वर दोन पोरी ठेवतोय. त्यांचं आडनावही सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "त्या पोराचा बाप वांगी देऊन गेलता ना रे?" मी हो म्हणालो. "मग सामान काढ वरचं. आन् पोरींना सांग, डबा नाही आला तर खाली यायचं."

रविवारी सामान काढलं. पोरी सोमवारी राहायला आल्या. तुमच्याकडं रिकामी खोली असेल तर मला कळवा. अजून सात-आठ पोरं स्टँडजवळ विचारत फिरताहेत.