भरावाचा तपासनीस

वयाच्या बाविसाव्या वर्षी मी एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर होतो. जागा उतारावरची. वरची बाजू कापायची आणि निघालेला मुरूम खालच्या बाजूला टाकून सपाटी करायची, असे काम. रोज संध्याकाळी भरावाच्या प्रत्येक थराची नोंद रजिस्टरात करावी लागे. थराची जाडी, पाणी मारले की नाही, रोलरच्या फेऱ्या आणि शेवटच्या रकान्यात ‘प्रॉक्टर : ९५ टक्के’. हा आकडा खरोखर काढायचा तर थरात खड्डा घेऊन, त्यात मोजून वाळू भरून, निघालेल्या मातीचे वजन करावे लागते. पहिले आठ-दहा दिवस मी ते केले. पुढे पावसाच्या आत जोते वर आले पाहिजे म्हणून डंपर रात्रीही येऊ लागले, मुरूम कडेवरून नुसता ढकलला जाऊ लागला, आणि मी खुर्चीत बसून ९५, ९६, ९५ असे आकडे भरू लागलो.

नगरपालिकेचे ओव्हरसियर जोते तपासायला आले. त्यांनी टेप लावून लांबी-रुंदी पाहिली, हद्दीपासूनचे अंतर पाहिले, चहा घेतला. जोत्याखाली काय आहे हे त्यांनी विचारले नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या कागदावर तो रकानाच नव्हता. चौथ्या पावसाळ्यात इमारतीचा खालच्या अंगाचा कोपरा बसला. कोणी दगावले नाही, पण तळमजल्यावरची दोन कुटुंबे घर सोडून गेली. मी तोवर ते काम सोडले होते.

प्रॉक्टर हे एका माणसाचे नाव आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. राल्फ प्रॉक्टर हा लॉस एंजेलिस शहराच्या पाणीपुरवठा खात्यातला अभियंता. मातीचे धरण बांधताना माती किती ओली असली म्हणजे ती सर्वांत घट्ट बसते, हे त्याने प्रयोगाने ठरवले आणि १९३३ साली एका अभियांत्रिकी नियतकालिकातून लेखमालेने मांडले. साच्यात तीन थरांत माती भरायची, प्रत्येक थरावर ठरावीक उंचीवरून वजनाचे पंचवीस ठोके द्यायचे. तीच कृती थोड्याफार फरकाने आपल्या भारतीय मानक २७२० च्या सातव्या भागात आहे. मी खोटा भरलेला आकडा कुठून आला, याचा शोध घेता घेता मी त्या शहराच्या इतिहासात शिरलो.

प्रॉक्टरच्या खात्याला मातीची एवढी काळजी वाटण्याला कारण होते. याच खात्याचे सेंट फ्रान्सिस धरण १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्री, बाराला काही मिनिटे कमी असताना फुटले आणि चारशेहून अधिक माणसे वाहून गेली. त्याच दिवशी सकाळी धरणाच्या राखणदाराला गढूळ पाण्याची गळती दिसली होती. खात्याचा प्रमुख विल्यम मुलहॉलंड स्वतः पाहणीला आला, त्याने गळती बघितली आणि धोका नाही असे सांगून तो परत गेला. धरण काँक्रीटचे होते. दगा दिला तो पायाखालच्या आणि बाजूच्या डोंगराने. मुलहॉलंडने चौकशीत जबाबदारी स्वतःवर घेतली. डोळ्यांनी पाहिले आणि ठीक वाटले, एवढ्यावर तपासणी संपत नाही, हा धडा त्या शहराला फार महागात मिळाला.

तरी तो धडा धरणांपुरताच राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसची वस्ती भराभर वाढली. सपाट जमीन महागली तसे बुलडोझर टेकड्यांवर चढले. डोंगराच्या अंगात खाच घ्यायची, निघालेली माती पुढे लोटायची, तयार झालेल्या पायरीवर बंगला. अर्धा बंगला कातळावर, अर्धा भुसभुशीत भरावावर. भरावाखालचे गवत-झुडूपही काढलेले नसे. त्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, आणि बराचसा काही वादळांतच कोसळतो. १९५१-५२ च्या हिवाळ्यातल्या वादळांत अशा टेकड्यांवरची माती रस्त्यांवर, गटारांत आणि खालच्या घरांत उतरली. आठ माणसे मेली आणि सुमारे ७५ लाख डॉलरचे नुकसान झाले. १९५२ सालीच शहराने डोंगरउतारावरच्या कापणी-भराईसाठी स्वतंत्र नियम केले. अमेरिकेतल्या शहरांत असे नियम करणारे ते पहिले. इमारत खात्याच्या हाताखाली ‘ग्रेडिंग इन्स्पेक्टर’ आला. मी त्याला भरावाचा तपासनीस म्हणतो.

या माणसाचे काम इमारतीच्या तपासनिसापेक्षा मुळातच वेगळे आहे. भिंत वाकडी असेल तर ती दहा वर्षांनीही दिसते. भराव मात्र पुरला की पुरला. म्हणून पुढे रूढ झालेल्या पद्धतीत त्याच्या भेटी टप्प्याटप्प्याने बांधून दिल्या गेल्या. पहिली भेट काम सुरू होण्याआधी. दुसरी भरावाच्या पायथ्याशी, झाडोरा आणि सैल माती काढून घट्ट जमिनीत चर खणल्यावर, पण त्यात एक पाटीही माती पडण्याआधी. मग थर चढत असताना. मग पाण्याच्या वाटा बुजवण्याआधी: उताराच्या माथ्यावरचा बांध, मधल्या टप्प्यांवरची फरसबंद गटारे, भरावाच्या पोटातल्या निचऱ्याच्या नळ्या. उतारावर झाडोरा लावला की नाही, हेही पाहायचे. आज तिथे काम पावसाळ्यात चालू राहणार असेल तर धूप रोखण्याची योजना वेगळी मंजूर करून घ्यावी लागते. प्रत्येक टप्प्यावर सही झाल्याशिवाय पुढचा टप्पा नाही. हे वाचताना मला माझे रजिस्टर आठवत होते. त्यातही टप्पे होते. पण पाहणारा कोणी येणार नाही, हे मला ठाऊक होते.

१९५२ चे नियम अर्धेमुर्धेच होते. भराव नव्वद टक्के घट्ट हवा, हे ठरले. पण डोंगराच्या पोटातला खडक कुठे झुकला आहे हे भूवैज्ञानिकाने सांगावे आणि त्याची जबाबदारी घ्यावी, हे फारसे नव्हते. त्याची किंमत १९५६ साली पोर्तुगीज बेंड येथे दिसली. ही जागा शहराच्या हद्दीबाहेर, पण त्याच काउंटीत. काउंटीच्या रस्त्याचा भराव एका प्राचीन दरडीच्या डोक्यावर पडला आणि अख्खा उतार समुद्राकडे सरकू लागला. शंभराहून अधिक घरे गेली. रहिवासी न्यायालयात गेले. १९६५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने काउंटीला जबाबदार धरले, निष्काळजीपणा सिद्ध झालेला नसतानाही. सरकारी तिजोरीला अशी झळ बसली की नियमांकडे बघण्याची दृष्टी बदलते, असे माझे मत आहे.

शहराने त्याआधीच, १९६३ साली, नियम नव्याने लिहिले होते. आराखड्याच्या वेळी आणि प्रत्यक्ष कामाच्या वेळीही मृद्-अभियंता व भूवैज्ञानिक दोघे हवेत, आणि दोघांनी कायद्याने जबाबदारी घ्यावी. १९६९ च्या हिवाळ्यात पुन्हा मोठी वादळे आली आणि एक परीक्षाच झाली. जेम्स स्लॉसन या भूवैज्ञानिकाने मांडलेले त्याचे आकडे असे: १९५२ पूर्वीच्या सुमारे १०,००० जागांपैकी १,०४० जागांचे नुकसान झाले. १९५२ ते १९६२ मधल्या २७,००० पैकी ३५०. १९६३ नंतरच्या ११,००० पैकी फक्त १७. म्हणजे शेकडा दहा, शेकडा सव्वा आणि हजारी दीड.

हे आकडे मी अनेक मित्रांना ऐकवले आहेत, पण त्यांच्याकडे जरा संशयानेही पाहायला हवे. १९६३ नंतरचे उतार नवे होते. त्यांनी मोजके हिवाळे पाहिले होते. भराव बसायला कधी कधी वीस वर्षे लागतात. तरीही दहापट-दहापट उतरत जाणारा हा फरक केवळ वयाचा म्हणता येणार नाही. आणि या तक्त्यात मला बोचते ती पहिली ओळ. त्या दहा हजार घरांखालचा भराव पुन्हा उकरून पाहणे शक्यच नव्हते.

आपल्याकडे मातीच्या धुपेवर कायदा नव्हता असे नाही. १९४२ चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा त्यासाठीच होता आणि दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यात त्यातून बांधबंदिस्तीची मोठी कामे झाली. पण ती माती शेताची. शेताची बिनशेती झाली की कृषी खाते मागे हटते आणि नगररचना पुढे येते, आणि तिच्या कागदांत माती हा शब्दच क्वचित भेटतो. मुंबईत परवानगीच्या एका टप्प्याला नाव आहे ‘नापसंतीची सूचना’! जोत्यापर्यंत बांधायची परवानगी, मग जोते तपासून पुढची, ही साखळी मात्र चांगली आहे. तिच्यात जोत्याखालची एक कडी मला कामावर असताना कधी दिसली नाही. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारत नगरात उतारावरची भिंत घरांवर कोसळून एकोणीस माणसे गेली, ती बातमी वाचली त्या दिवशी मी माझी जुनी ट्रंक उघडून ते रजिस्टर शोधले. सापडले नाही. ते ठेकेदाराकडेच राहिले असणार.

गेल्या मे महिन्यात मी ती इमारत पाहून आलो. बसलेल्या कोपऱ्याला मागे कधीतरी काँक्रीटचे धिरे दिले आहेत आणि खालून दगडी संरक्षक भिंत बांधली आहे. तळमजल्यावर आता नवे भाडेकरू आहेत. दारात लहान मुलांच्या सायकली होत्या. भिंतीला नुकताच गिलावा केलेला होता आणि त्यात पाणी निघायची भोके बुजली होती. मी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सचिवांना सांगितले की पावसाआधी ती उघडून घ्या, भिंतीमागचे पाणी अडले तर भिंत पुढे येईल. तुम्हाला कसे माहीत, असे त्यांनी विचारले. मी सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी गवंड्याला फोन लावला. दुपारी तो छिन्नी-हातोडा घेऊन आला, आणि कोणते भोक कुठे होते ते दाखवत मी त्याच्याबरोबर भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो.