वारणेच्या पुलापासून खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत

वारणेचा पूल मागे पडला, म्हणजे कोल्हापूर सुटलं आणि सांगली जिल्हा लागला. साल 2012. एसटी पेठ नाक्यावर थांबते आणि खिडकीतून उसाच्या फडाचा ओला वास आत येतो. तुमच्या शेजारचा शाळकरी पोरगा मांडीवरची शूजची पिशवी खाली ठेवायला तयार नाही.

"पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघितलीय का तुम्ही?" तो विचारतो.

नसेल, तर या पोराची नजर तुम्हाला कळायची नाही. कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी वाढवला. जिथं लाल मातीत पोरं घुमली, त्याच तालमींनी संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावं तालमींची आणि संघांचीही. शाहू स्टेडियमवर भर उन्हात पेठाच्या पेठा लोटतात. गोलपोस्टसमोर चेंडू चुकला, तर रात्री गल्लीत शिरताना चार जण जाब विचारतात. स्ट्रायकर असा घडतो.

कराड येतं. जवळच गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव. 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून ते इथंच परतले. मागे सांगलीच्या बाजूला हिंदकेसरी मारुती मानेंचं कवठेपिरान राहिलं. सातारा आणि सांगली, या दोन जिल्ह्यांच्या मातीत ताकद आहे, दम आहे, हरल्यावर पुन्हा उभं राहणं आहे. तरी फुटबॉलसाठी पोरगा इथून पुढेच जातो, पुण्याला. हे मला फार लागतं.

उंब्रज गेलं. डावीकडे अजिंक्यतारा दिसून मागे पडला. सुरूर आलं. एसटी खंबाटकीच्या बोगद्यात शिरते आणि अंधार होतो.

उजेड येतो तो दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमच्या दिव्यांचा. 6 ऑक्टोबर 2017. सतरा वर्षांखालील विश्वचषक. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा हा पहिला सामना, समोर अमेरिका. भारताच्या पुढच्या फळीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव आहे. वडील रिक्षाचालक. तोही याच रस्त्यानं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला.

आता चेंडूकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. भारत मागे रेटला गेलाय, पास त्याच्यापर्यंत पोचत नाही. तरी तो धावतो. अमेरिकेच्या बचावपटूला चेंडू निवांत मिळू नये म्हणून धावतो, वळतो, परत येतो. गोलरक्षकाचं काम सगळ्यांना दिसतं, स्ट्रायकरची अशी रिकामी धाव कुणी मोजत नाही. अन्वर अलीचा फटका आडव्या खांबावर आदळतो. अख्खं स्टेडियम उठतं, आणि तोच चेंडू घेऊन अमेरिका दुसऱ्या टोकाला तिसरा गोल करते. 0-3. भारत तिन्ही सामने हरला. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगनं केला, तो आपला एकमेव गोल.

पण त्या पोरांना फार थांबायचं नव्हतं. 29 नोव्हेंबर, गोवा. त्याच वयाच्या पोरांचा इंडियन ॲरोज संघ आय-लीगमध्ये चेन्नई सिटीच्या मोठ्या माणसांशी भिडतो आणि 3-0 नं जिंकतो. त्यातले दोन गोल अनिकेतचे. जवळपास आठ आठवड्यांपूर्वीच्या त्या रिकाम्या धावा इथं फळल्या, असं मी मानतो.

पुढचं झपाट्यानं येतं. जमशेदपूर. 2019 मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सराव. मग हैदराबाद, ज्यांनी 20 मार्च 2022 ला आयएसएलचा करंडक उचलला. त्याच महिन्यात बहारीनमध्ये भारताच्या वरिष्ठ संघाची जर्सी.

बोगदा संपतो. शेजारचा पोरगा झोपलाय, पिशवी मांडीवरच आहे.

सातारा-सांगलीतल्या तालमींच्या वस्तादांनो, मंडळांच्या अध्यक्षांनो, कुस्तीचे वार तुमचे आहेतच. आठवड्यातला एक वार फुटबॉलच्या लीगला द्या, आणि बघायला अख्खी पेठ घेऊन या.