साताऱ्याचा रोलर, लखनौची चटई

कसोटी सामना तीन दिवसांत संपला की चर्चा खेळाडूंची कमी आणि खेळपट्टीचीच जास्त होते. २०१७ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेत भारत १०५ आणि १०७ धावांत गारद झाला. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले आणि आयसीसीने पट्टीला ‘निकृष्ट’ ठरवलं. यजमान आपल्या सोयीची पट्टी बनवतो आणि कधी कधी स्वतःच तीत अडकतो, असं तेव्हा बरंच लिहून आलं. आमच्या साताऱ्यात ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीच घडून गेली आहे.

पालवणकर बाळू हे पुण्याच्या हिंदू संघाचे डावखुरे फिरकी गोलंदाज. जातीने चांभार. इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर पट्टीवर रोलर फिरवणं, जाळी बांधणं, मैदान आखणं ही त्यांची कामं. तिथेच ग्रिगसारख्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करत ते तयार झाले. हिंदू संघात आले तेव्हा मैदानावर सगळे एकत्र खेळायचे. चहाच्या वेळी मात्र सवर्ण सहकारी आत चिनी मातीच्या कपातून प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा.

हा संघ साताऱ्यात गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला आला. रामचंद्र गुहा यांनी हा किस्सा नोंदवला आहे. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून जिमखान्याच्या साहेबांनी माळ्याकडून आठवडाभर पट्टीवर रोलर फिरवून घेतला. रोलरने माती दाबली जाते, कण घट्ट बसतात, पृष्ठभाग काचेसारखा होतो. चेंडूला पकड मिळत नाही, तो सरळ येतो. तरीही बाळूंनी ७ बळी घेतले आणि पुणेकर जिंकले.

कसे घेतले असतील? माझा अंदाज असा की ज्याने वर्षानुवर्षं रोलर ओढला, त्याला रोलर काय हिरावून घेतो आणि काय नाही, हे साहेबांपेक्षा जास्त ठाऊक होतं. वळण गेलं तरी उंची, वेग आणि टप्पा हातात राहतोच. पट्टी कशी असावी याचा हुकूम एकाचा, घाम दुसऱ्याचा. त्या दिवशी घाम गाळणाऱ्या जमातीतलाच माणूस समोर चेंडू घेऊन उभा होता.

आता कृष्णेकाठाने खाली सांगलीला येऊ. विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ चा, सांगलीतल्या मराठी ख्रिस्ती घरातला. मुंबईच्या धर्मवार पंचरंगी स्पर्धेत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे संघ होते. हजारे ‘इतर’ संघात. (आपल्याला निदान नाव तरी होतं!) १९४३ मध्ये ब्रेबॉर्नच्या पाटा पट्टीवर हिंदूंनी ५ बाद ५८१ केल्या. उत्तरादाखल ‘इतर’ १३३ वर आटोपले. फॉलोऑननंतर त्यांनी ३८७ केल्या, त्यांतल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. पट्टी सगळ्यांना सारखीच होती. बाकीच्यांना मिळून ७८ जमल्या, त्याही अवांतर धरून.

हेच हजारे १९५२ मध्ये कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले. तिथे तेव्हा पट्ट्या पावसात उघड्या असत. आपल्याकडे काळ्या रानात पाऊस उघडल्यावर शेतकरी वाफशाची वाट बघतो. चिखल नको, ढेकूळ नको, मधली अवस्था हवी. खेळपट्टीचंही तसंच. पार भिजलेली पट्टी संथ असते. ऊन पडून वरचा थर सुकू लागला की चेंडू रुततो, फिरतो, अंगावर उसळतो. शेतकऱ्याला हवी असलेली वेळ फलंदाजाला नको असते. मँचेस्टरला इंग्लंडने पावसाने अडवलेल्या डावात ९ बाद ३४७ वर डाव सोडला आणि भारत एकाच दिवसात दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२. ट्रूमनने ३१ धावांत ८ बळी घेतले. ओव्हलला ६ धावांत ५ बळी गेले. एकूण ९८ झाल्या, त्यांत हजारेंच्या ३८. पण सगळा दोष मातीचा नव्हता. लीड्सला दुसऱ्या डावात शून्यावर ४ बाद झाले, त्याला ट्रूमनच्या वेगाची धास्ती जास्त कारण होती. हजारे उतरले, ५६ केल्या आणि फडकरांसोबत १०५ जोडल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा भारतात आला. दिल्लीला मंकडने १३ बळी घेतले, भारत डावाने जिंकला. पुढची कसोटी लखनौला होती. हजारे आणि मंकड दोघंही नव्हते आणि पट्टी होती तागाच्या चटईची. गावाकडे मुरूम चोपून, खिळे ठोकून चटईवर खेळलेल्यांना वेगळं सांगायला नको: ताणून बांधली तर चेंडू उसळतो, सैल राहिली तर वळतो. फजल महमूदचे कटर चटईत रुतून निघत. त्याने ५२ धावांत ५ आणि ४२ धावांत ७ बळी घेतले. भारत १०६ आणि १८२. आठवडाभरात निकाल नेमका उलटा, डावाने पराभव.

हा फजल खरं तर भारताचाच खेळाडू होणार होता. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याची निवड झाली होती. ऑगस्ट १९४७ मध्ये तो पुण्यात भारतीय संघाच्या सराव शिबिरात होता. शिबिर पावसाने धुतलं आणि दंगलींतून वाट काढत तो लाहोरला पोचला. हजारे दौऱ्यावर गेले, ॲडलेडला दोन्ही डावांत शतकं ठोकली. फजल गेला नाही.

लखनौनंतर अनेकांनी तो चटईचा गोलंदाज असल्याचं म्हटलं. १९५४ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर, जिथे दोन वर्षांपूर्वी हजारेंच्या संघाचे ६ धावांत ५ बळी गेले होते, त्याच मैदानात गवताच्या ओल्या पट्टीवर त्याने ९९ धावांत १२ बळी घेतले आणि पाकिस्तान २४ धावांनी जिंकला.