क्षारताण व अर्बुदपेशी

क्षारताण व अर्बुदपेशी : भोवतालच्या द्रवात मीठ वाढले, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या अर्बुदाच्या (गाठीच्या) पेशी आपला चयापचय बदलून तग धरतात, ती प्रक्रिया. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. पेशीतूनही पाणी असेच बाहेर ओढले जाते आणि ती आकसते.

रक्तातील द्रवाचा तर्षणदाब (विरघळलेल्या द्रव्यांमुळे पाणी ओढण्याची क्षमता) साधारण 280 ते 295 मिलिऑस्मोल असतो आणि पेशीसंवर्धनाचे माध्यमही त्याच्या आसपास ठेवतात. तो एकाएकी वाढला, की पेशी काही मिनिटांत सोडियम, पोटॅशियम व क्लोराइड आत घेते; मागोमाग पाणी येते आणि आकार सावरतो. हा उपाय तात्पुरता असतो. आयनांची गर्दी प्रथिनांना बाधते, डीएनएचे धागे तुटू शकतात, विभाजन थांबते. शिवाय शिरलेले सोडियम बाहेर फेकणारा पंप एटीपीवर चालतो, म्हणजे ऊर्जाही खर्च होते.

खरे जुळवून घेणे पुढच्या काही तासांत घडते. 1999 मध्ये वर्णन झालेले एनएफएटी5 हे प्रथिन केंद्रकात जाऊन ठरावीक जनुके चालू करते. त्यामुळे आल्डोज रिडक्टेज हे एंझाइम वाढते व ग्लुकोजचा काही भाग सॉर्बिटॉलकडे वळतो. बीटेन, टॉरिन आणि इनॉसिटॉल बाहेरून आत ओढले जातात, ग्लुटामिनसारखी अमिनो आम्लेही साठतात. ही द्रव्ये पाणी धरून ठेवतात, पण प्रथिनांना इजा करत नाहीत. त्यांच्या जोरावर जादा आयनांची जागा मोकळी होते. युक्ती जुनी आहे. गोड्या पाण्यात वाढणारे रोहू-कटला समुद्राच्या पाण्यात जगत नाहीत, तर शार्क मासा रक्तात युरिया साठवून तिथेच राहतो. मूत्रपिंडाच्या गाभ्यातील पेशी 1200 मिलिऑस्मोलपर्यंतचा दाब याच मार्गाने सोसतात.

या विषयाचा बराचसा पाया एर्लिख जलोदर-अर्बुदाच्या पेशी व हेला पेशींवरील प्रयोगांनी घातला. हेला पेशी 1951 मध्ये बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत रुजल्या. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (1917–2001) त्यांच्याकडे काम करून परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. भारतात पेशी बाटलीत वाढवण्याची वाट त्यांनी घालून दिली, हे ऋण मोठे आहे. आज पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र अशा पेशी जपून संशोधकांना पुरवते.

बाटलीतल्या या निष्कर्षांवरून ताटातल्या मिठाबद्दल थेट अनुमान काढणे चूक आहे. मूत्रपिंडे रक्तातील सोडियम काटेकोरपणे सांभाळतात. शिवाय असा कोणताही प्रयोग वाचताना एक गोष्ट जरूर पाहावी : मिठाच्या जोडीला तेवढ्याच तर्षणदाबाच्या, पण सोडियम नसलेल्या मॅनिटॉलची चाचणी केली आहे का? तिच्याशिवाय परिणाम सोडियमचा की नुसत्या दाबाचा, हे ठरत नाही.